मथुराबाईंचा टी-फोर आम्ही मोजला नाही

अन्याय झाला तो ताडकळसच्या मथुराबाई माणिकराव या शेतकरी बाईवर. केव्हा झाला? नव्वद सालच्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. कुठं झाला? पूर्णेत, स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात, पंख्याखाली, सगळ्यांच्या देखत. कोणी केला ते पुढं येतंच आहे.

संपादकांचं पत्र आलं होतं : "रक्त तपासणीच्या कामातले काही गमतीदार अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा. पत्रकासारखं मात्र नको." गमतीदार अनुभव माझ्याकडं पोत्यानं आहेत. एका पाटलांनी दंड पुढं करण्याआधी विचारलं होतं, "ही सुई आधी कोणाला टोचली?"

म्हटलं, "उकळलीय."

"कशात?"

"पाण्यात."

"कुठल्या पाण्यात?"

त्यांची साखर इतकी निघाली की पुढं दर महिन्याला येऊन ते निमूट दंड पुढं करायला लागले. पाण्याची चौकशी आपोआप बंद झाली. दुसरे एक रेल्वेतले गार्ड. त्यांचा रिपोर्ट चांगला आला की ते भांडायला उठायचे. "सगळं बरोबर असेल तर मला होतंय काय? तुम्ही नीट शोधत नाही!" या दोघांवर अंकाची पानं भरली असती. पण मी अनुभव लिहायला बसलो की मथुराबाईच समोर येतात, आणि त्यांची गोष्ट गमतीदार नाही. निदान माझ्या बाजूनं नाही.

मी पूर्णेचाच. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर. तपासणीचा कोर्स करून सत्त्याऐंशी साली या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. दिवसभर रक्त काढायचं आणि संध्याकाळी विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं काढायची, असा दुहेरी धंदा. पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली : माणूस सगळं वाचत नाही. बाजारात हातात पडलेल्या कागदावर तो रेघ मारलेला शब्द तेवढा वाचतो आणि कागदात भजी बांधून घेतो. मग जे महत्त्वाचं त्याच्याखाली जाड रेघ मारायची. ही अक्कल मी प्रयोगशाळेत आणली. रिपोर्टवरचा जो आकडा हद्दीबाहेर असेल त्याच्याखाली मी लाल रेघ मारायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं, माझीच कल्पना.

आमचे डॉक्टर बेहद्द खूश झाले. "शाबास! आता एका नजरेत कळतं." आणि खरोखरच, त्यानंतर त्यांनी कुठल्याच रिपोर्टवर दुसरी नजर टाकली नाही. डॉक्टरांचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी काढलं. हरकत नाही. माणूस वाईट नव्हता. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट बघायचा, गरिबाला परत पाठवायचा नाही. वाईट असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

आता थायरॉइड म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. तिला कारखाना समजा. ती जो माल काढते त्यातला मुख्य माल म्हणजे टी-फोर. त्यावर अंगाची ऊब, काळजाचे ठोके, भूक, झोप, अंगातली चपळाई, सगळं चालतं. या कारखान्याचा साहेब मात्र डोक्यात बसलेला असतो. तो खाली हुकूम पाठवतो, माल काढा. त्या हुकुमाचं नाव टीएसएच. कधी कधी कारखाना हुकुमाबिकुमाला न जुमानता भरमसाट माल काढायला लागतो. माणूस वाळतो, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम थांबत नाही. माल उतू चाललाय हे बघून साहेब हुकूम पाठवणं बंद करतो. तेव्हा रक्तात टीएसएच जवळपास शून्य सापडला तर कारखाना जोरात आहे, असा अर्थ लावतात. इथपर्यंत बरोबर.

हैदराबादच्या ज्या मोठ्या प्रयोगशाळेकडं आम्ही ही रक्तं पाठवायचो, तिथं टीएसएचची नवी, बारीक मोजणारी तपासणी आली होती. त्यांचं परिपत्रक आलं : आता थायरॉइडसाठी ही एकच तपासणी पुरे. डॉक्टरांनी लगेच नवा फॉर्म छापून घेतला. थायरॉइडच्या नावापुढं एकच चौकोन, टीएसएच. परिपत्रक मी स्वतः प्रयोगशाळेच्या भिंतीवर चार टाचण्या लावून ठोकलं. त्याच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. तो भिंतीकडं तोंड करून राहिला.

मथुराबाईंना हा जोरात चालणाऱ्या ग्रंथीचा आजार होता. वैशाखात माणिकरावांनी त्यांना हैदराबादला नेऊन तिथल्या मोठ्या दवाखान्यात अणूचं औषध, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, पाजून आणलं. ते औषध ग्रंथीत जाऊन तिचा जोर मोडतं. सोबत, ग्रंथी आवरायच्या गोळ्याही थोडे दिवस चालू ठेवल्या होत्या. पुढची देखरेख आमच्या डॉक्टरांकडं. ज्येष्ठात त्या पहिल्यांदा रक्त द्यायला आल्या, ते आल्या आल्याच बोलत आल्या.

"तुमीच व्हय ते भित्ती रंगवणारे? आमच्या साळंची भित निळी करून ठिवली!"

म्हटलं, "मीच. दंड पुढं करा."

"करते. पर भाऊ, तुमी नाव बदलणारे लोक. रगत बदलू नका म्हंजे झालं."

माणिकराव गोरेमोरे झाले. त्यांचं घर नामांतराच्या विरोधातलं. त्यांच्या धाकट्या भावानं, किसनरावानं, ताडकळसच्या बाजारात आमची पत्रकं माझ्या डोळ्यांदेखत फाडली होती. मी म्हटलं, "बदलायचंच असतं बाई, तर आधी तुमच्या मालकांचं बदललं असतं."

मथुराबाई अशा हसल्या की सुई काढून घ्यावी लागली. "बदला की! लय थंड हाय त्यांचं. थोडं चढ्या भावाचं भरा." कापूस वेचण्यात दोघींचं काम एकटी करणारी बाई, घरात सगळ्यांत आधी उठणारी. आजारातही तिचं तोंड चालू आणि हातही चालू.

रक्ताचं वरचं पिवळसर पाणी काढून, बर्फाच्या थर्मासात घालून आम्ही हैदराबादच्या गाडीनं पाठवायचो. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला. टीएसएच हद्दीच्या खाली. मी रेघ मारली. डॉक्टर म्हणाले, "अजून जोर आहे. गोळ्या चालू." उपचाराला जेमतेम महिना झालेला. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

आषाढात त्या दुसऱ्यांदा आल्या. टोमणा मारला, पण एकच. "चालू हाय का तुमचं नाव बदलणं?" एवढंच म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. तोंड जरा सुजल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, अंग भरलं, बरं झालं. रिपोर्ट परत हद्दीच्या खाली. परत रेघ. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या.

श्रावणात तिसऱ्या वेळचं रक्त देताना त्या फक्त "हं" म्हणाल्या. आणि आठवड्यानं, दुसऱ्या सोमवारी, माणिकराव त्यांना घेऊन रिपोर्टाला आले. बाहेर पावसानं उघडीप दिलेली, घामानं सदरे अंगाला चिकटलेले, आणि मथुराबाईंनी नवऱ्याचा लोकरी स्वेटर घातलेला. पंख्याखालचा बाक मोकळा होता तरी त्या बसेनात.

"पंखा..." बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बंद... करा." आवाज पुरुषासारखा जाड, घोगरा.

मी गमतीनं विचारलं, "मथुराबाई, आज टोमणा न्हाई?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणजे कोण, हे त्या शोधत होत्या. मग म्हणाल्या, "कशाचा?"

आत डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला. लाल रेघ बघितली. "अजून खालीच! फार हट्टी ग्रंथी आहे. गोळ्या दुप्पट करू."

माणिकराव चाचरत म्हणाले, "पर साहेब, हिला लय थंडी वाजायलीय. खुरपं घेऊन बसती ती बसूनच ऱ्हाती. दिवसा झोपती. आमची आई म्हणती, नाटकं करायलीय. म्हायेरी लावून द्या कायमची."

डॉक्टर म्हणाले, "ग्रंथी जोरात असली की थंडी वाजत नसते. उकडतं. हे मनाचं आहे. घरात काही ताणतणाव?"

बघा हं. 'ग्रंथी जोरात असली की थंडी वाजत नसते.' निदान त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं, अगदी स्पष्ट मराठीत. त्यांनी ते स्वतः ऐकलं नाही. कागदावर लाल रेघ होती आणि खुर्चीवर बाई होती. दोघींत जी खोटं बोलतेय ती बाईच, असं ठरलं.

मी तिथंच रजिस्टर धरून उभा होतो. मोर्च्यात माझा आवाज रेल्वेच्या पुलापलीकडं जातो असं लोक म्हणतात. त्या दिवशी तो तीन फुटांवरच्या टेबलापर्यंत गेला नाही. 'डॉक्टरांच्या निर्णयात तंत्रज्ञानं बोलू नये' हा नियम तेव्हा मला फार शहाणा वाटला. एरवी नियम मोडा म्हणून मी गावाला सांगत फिरतो.

दुपारी मात्र बसवेना. पोस्टात जाऊन हैदराबादच्या प्रयोगशाळेला ट्रंक कॉल लावला आणि दोन तास बाकावर बसलो. तिथं आमची रक्तं घेणारे एक वयस्कर खानसाब होते. त्यांना सगळं सांगितलं. ते एकदम भडकले.

"मियाँ, दवा पिलाके कित्ते दिन हुए?"

"तीन महिने होतील."

"तो टीएसएच कू क्या पूछ रें? वो तो सोया पड़ा रहता महीनों! टी-फोर देखो ना, टी-फोर! हमारे कागज़ के पीछे लिखे सो पढ़े नहीं क्या?"

परत येऊन मी परिपत्रकाच्या चार टाचण्या काढल्या. मागं लिहिलं होतं. नवा रोग शोधायला टीएसएच एकटा चालेल. पण जोरात चाललेल्या ग्रंथीवर उपचार झाल्यावर पहिले काही महिने एकट्या टीएसएचवर विसंबू नये, टी-फोरही मोजावा. कारण डोक्यातला साहेब इतका काळ गप्प बसलेला असतो की खाली कारखान्याला कुलूप लागलं तरी त्याला जाग यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्या मधल्या काळात हुकूमही शून्य असतो आणि मालही शून्य. हुकूम शून्य बघून आम्ही समजत होतो, माल उतू चाललाय. आणि उरलासुरला माल बंद करायच्या गोळ्या वाढवत होतो.

हुकूम म्हणजे माल नव्हे. हे मला शिकवायला परिपत्रक लागलं! विधिमंडळात ठराव होऊन बारा वर्षं झाली होती आणि विद्यापीठाच्या कमानीवर जुनंच नाव होतं. वर काय निघालं ते बघू नका, खाली काय पोचलं ते बघा, हे मी किती पत्रकांत लिहिलं असेल! बाईच्या रक्तात मात्र मी फक्त वरचा हुकूम मोजला आणि त्याच्याखाली रेघ मारली.

वाटेत बर्फ वितळला तर असावं म्हणून रक्तातलं थोडं पाणी आम्ही फ्रीजमध्ये मागं ठेवायचो. मथुराबाईंच्या तिसऱ्या वेळचं शिल्लक होतं. डॉक्टरांना न विचारता मी ते टी-फोरसाठी पाठवून दिलं. आठव्या दिवशी उत्तर आलं. टी-फोरचा आकडाच नव्हता. 'मोजता येईल त्याच्याही खाली' असं लिहिलेलं.

मी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"ही तपासणी कोणी सांगितली होती?"

"कोणी नाही."

"मग पाठवली कशी?"

"वाचा तर साहेब."

त्यांनी वाचलं. चेहरा उतरला. मग एकदम उसळून म्हणाले, "पण टीएसएच लो होता ना? लाल रेघ तूच मारलीस ना? तीन वेळा!"

हो, मीच मारली होती. डॉक्टरांनीही जास्त ताणलं नाही. चिठ्ठी लगेच लिहिली : गोळ्या आजच बंद, पेशंटला ताबडतोब परभणीला हलवा. "तूच घेऊन जा," म्हणाले. "पोस्टानं नको."

ताडकळसला पोचलो तर माणिकराव ओसरीत एकटेच. "परवाच बसवून दिली एष्टीत," खाली मान घालून म्हणाले. "आई ऐकंना."

"कुठं?"

"येलदरीला. भावाकडं."

"गोळ्या?"

"संगं दिल्यात की. दुप्पट. टाइमावर घे म्हणून सांगितलंय."

परभणी, जिंतूर, येलदरी. मी आणि माणिकराव. नामांतरवाला आणि नामांतरविरोधी घरचा, एका सीटवर. दोघंही खिडकीबाहेर बघत होतो. मथुराबाईंचा भाऊ धरणाच्या वीजघरात कामाला होता. त्याच्या खोलीसमोर, भर उन्हात, दोन गोधड्या पांघरून त्या खाटेवर पडल्या होत्या. चेहरा इतका सुजलेला की डोळे बारीक झालेले. हात लावला तर गार, मातीच्या घागरीसारखा. उशाजवळ गोळ्यांची पुडी. ती मी आधी खिशात घातली.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "नाव... बदलणारे... न्हवं?"

त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हैदराबादचं कार्ड होतं. त्यावर सरळ लिहिलेलं : सहा आठवड्यांनी टी-फोर आणि टीएसएच, दोन्ही. मी माणिकरावांना विचारलं, "हे डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"पयल्याच दिवशी दावलं की. साहेब म्हणाले, जपून ठिवा."

आणि त्यांनी जपून ठेवलं होतं.

परभणीच्या डॉक्टरांनी आधी बाईंना पाहिलं, मग कागद. उरलेल्या जन्मासाठी थायरॉइडची गोळी सुरू केली, आधी अगदी थोडी. म्हणाले, अणूच्या औषधानंतर पुष्कळांची ग्रंथी कायमची थंडावते, त्यात नवल नाही. रोज एक गोळी घेऊन माणूस ठणठणीत राहतो. नवल एवढंच की इतके दिवस कोणाला कळलं नाही. आणखी काही आठवडे गेले असते तर ही झोप मोडली नसती.

दसऱ्यापर्यंत सूज उतरली. दिवाळीत मी येलदरीला गेलो तर दारातूनच आवाज आला, "या! रगत प्यायला आलाव का फराळाला?" मला तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही. संपादकांना गमतीदार हवं आहे.

माणिकराव न्यायला आले होते. मथुराबाई हलेनात. "मी आळशी हाय म्हणून लावून दिलं न्हवं? मंग आळशाला कशाला न्यायलाव?"

"अगं, चूक झाली."

"हितं मला सांगून काय? आधी तुमच्या आईला वाचून दावा. वट्ट्यावर, समद्यांम्होरं."

रिपोर्ट इंग्रजीत. म्हणून मी मराठीत एक कागद लिहिला, एकच प्रत. 'मथुराबाई आळशी नाहीत आणि नाटकही करत नाहीत. त्यांच्या अंगात ऊब आणि चपळाई देणारा रस संपला होता. तो आम्ही मोजला नाही. उलट तो बंद करायच्या गोळ्या दिल्या. चूक दवाखान्याची आहे.' खाली डॉक्टरांनी सही केली नाही, वकिलाला विचारतो म्हणाले. मी माझी केली.

ताडकळसला घरापुढच्या वट्ट्यावर, चौथी शिकलेल्या माणिकरावांनी अडखळत ते वाचलं. किसनराव शेवटपर्यंत ऐकत होता. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "खाली विद्यापीठाचं काई लिवलं न्हाई ना?"

सासूबाई म्हणाल्या, "आमाला कसं कळावं? डाक्टरला कळलं न्हाई."

मथुराबाई म्हणाल्या, "डाक्टर कागद बगत व्हता. तुमी तर एका घरात व्हत्या. एकदा हाताला हात लावला असता तर कळलं असतं."

त्या आत गेल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. चहा सगळ्यांना मिळाला, सासूबाईंना सगळ्यांत शेवटी.

मी त्या दवाखान्यात आता नाही. फॉर्मवर अजून तो एकच चौकोन आहे. डॉक्टर आठवण झाली की शेजारी हातानं टी-फोर लिहितात, असं ऐकतो. आठवण झाली नाही की काय होतं ते कोणी सांगत नाही. मथुराबाईंच्या आधी उपचार घेऊन आलेल्या किती जणींच्या कागदावर मी रेघा मारल्या, ते जुन्या रजिस्टरात आहे. मी बघायला मागितलं. 'ते गोपनीय असतं' असं मला सांगण्यात आलं. ते रजिस्टर मीच लिहिलं होतं.

तेव्हा वाचणाऱ्याकडं माझी मागणी आहे. विनंती नव्हे. तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत, ऑफिसात अशी कोणी असेल जिच्या जोरात चाललेल्या थायरॉइडवर गेल्या काही महिन्यांत उपचार झाला, औषधानं, ऑपरेशननं किंवा अणूच्या औषधानं, आणि आता जिला सगळे 'मंद झाली', 'लठ्ठ झाली', 'कामचुकार झाली' म्हणतात, तर हा अंक खाली ठेवा. फराळ नंतर करा. उठा, तिच्याकडं जा, तिला थंडी वाजते का ते विचारा, तिचं बोलणं ऐका. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, वाढवूही नका. सगळे कागद घेऊन तिला डॉक्टरांकडं न्या आणि खुर्चीवर बसून सांगा : टीएसएचबरोबर टी-फोरही मोजा. 'गरज नाही' म्हणाले तर 'का नाही?' असं विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका.